मागच्या चाकांमधली दांडी

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल." मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. आज मी गाडीच्या मागच्या चाकांमध्ये बसणाऱ्या एका लोखंडी दांडीवर बोलणार आहे. माझी पदवी मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची, हे तुम्हाला माहीत आहे. पदवीचा उपयोग पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच झाला, तेव्हा तो तुमच्यासमोर मिरवायला नको का?

पण खरं कारण वेगळं आहे. आपल्यापैकी बहुतेकांची मुलं, पुतणे, भाचे आता अठरा ते पंचवीस वर्षांचे आहेत. त्यांच्या हातात गाडी आली आहे, आणि मोबाईलवर ते रोज बघतात की अमुक पार्ट लावला की गाडी रस्त्याला चिकटून चालते. माझ्या बावीस वर्षांच्या भाच्याने जुनी हॅचबॅक घेतली. पहिल्या पगारातून त्याला तिच्यात मागचा जाड स्टॅबिलायझर बार लावायचा होता आणि मित्रांसोबत भर पावसाळ्यात चिखलदऱ्याला जायचं होतं. माझी बहीण घाबरली. तिने मला फोन केला, "तू इंजिनिअर आहेस ना, त्याला नाही म्हणून सांग." भाच्यानेही फोन केला, "मावशी, तू इंजिनिअर आहेस ना, आईला समजावून सांग." दोघांनाही मी एकच उत्तर दिलं: आधी ती दांडी काय करते ते बघू.

काही गॅरेजवाले तिला बॅलन्स रॉड म्हणतात, पुस्तकात अँटी-रोल बार किंवा स्वे बार म्हणतात. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली स्प्रिंग-स्टीलची दांडी. तिची दोन टोकं डाव्या आणि उजव्या चाकाच्या सस्पेन्शनला जोडलेली असतात, आणि मधला भाग रबरी बुशमध्ये गाडीला धरलेला असतो. दोन्ही चाकं एकदम वर गेली, म्हणजे सरळ स्पीडब्रेकर आला, तर दांडी नुसती फिरते, काही करत नाही. पण वळणावर गाडी कलते, बाहेरचं चाक दबतं आणि आतलं मोकळं होतं, तेव्हा दांडीला पीळ बसतो. पिळलेली दांडी सरळ व्हायला बघते, म्हणून गाडी कमी कलते. बस्स, एवढंच. या युक्तीचं पेटंट १९१९ मध्ये कॅनडातल्या स्टीफन कोलमन यांना मिळालं. म्हणजे ही वस्तू शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या हॅचबॅकमध्ये मागे अशी सुटी दांडी नसते. दोन मागच्या चाकांना जोडणारा एक पोलादी बीम असतो आणि तोच पिळतो. बाजारात मिळणारा मागचा बार त्या बीमला बोल्टने जोडतात, म्हणजे मूळ पिळात आणखी एका पिळाची भर.

आता गणिताच्या सरांनी शिकवलेले घातांक आठवा. भरीव दांडीचा पिळाला होणारा विरोध तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. १८ मिलिमीटरच्या जागी २० मिलिमीटरची दांडी घेतली, तर हाताला फरक फक्त २ मिलिमीटरचा लागतो, पण दांडी दीडपटीहून कडक होते. २२ मिलिमीटरची घेतली तर सव्वादोन पट. सर, "घातांक आयुष्यात कुठे लागतात?" असा प्रश्न मी नववीत विचारला होता. गॅरेजमध्ये लागतात.

भाचा म्हणाला, "मग जाडच लावू ना. कडक म्हणजे कमी कलणार, कमी कलली म्हणजे पकड जास्त." मिस्त्रीही म्हणाला, "ताई, गाडी एकदम चिपकून चालते." दोघांच्या बोलण्यातला पहिला अर्धा भाग बरोबर होता. गाडी कमी कलते, हे खरं. पण कलणं आणि पकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या भाषणातून एकच गोष्ट घरी नेणार असाल तर ती ही: मागचा बार पकड वाढवत नाही, तो पकडीची पुढच्या आणि मागच्या चाकांमधली वाटणी बदलतो.

थोडी आकडेमोड करते, कंटाळू नका. माणसांसकट १००० किलोची गाडी धरा. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर वर आणि डाव्या-उजव्या चाकांमध्ये १४५ सेंटिमीटर अंतर. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ही गाडी साधारण ४४ किलोमीटर वेगाने नेली, तर आतल्या चाकांवरचा सुमारे १९० किलो भार उचलला जाऊन बाहेरच्या चाकांवर जातो. हे १९० किलो कोणताही बार कमी करू शकत नाही. ते ठरतात वजन, उंची, रुंदी आणि वेग यांवरून. बार फक्त एवढंच ठरवतो की या १९० किलोंपैकी किती भार पुढच्या जोडीत सरकेल आणि किती मागच्या जोडीत. मागचा बार कडक केला की मागच्या जोडीचा वाटा वाढतो आणि पुढच्या जोडीचा तेवढाच कमी होतो.

त्याने काय बिघडतं? टायरचा एक स्वभाव आहे. त्याच्यावर दुप्पट भार टाकला तर तो दुप्पट पकड देत नाही, थोडी कमीच देतो. म्हणून जोडीतल्या दोन टायरांवर भार सारखा असेल तेव्हा ती जोडी सगळ्यात जास्त धरते, आणि एकावर जास्त, दुसऱ्यावर कमी झाला की जोडीची एकूण पकड घटते. दोन हमालांनी चार पोती दोन-दोन वाटून घेतली तर काम होतं. एकाच्याच पाठीवर साडेतीन दिली तर तो वाकतो आणि दुसरा नुसता सोबत चालतो.

आपल्या सगळ्यांना याचा अनुभव आहे. शाळेची ऑटो आठवते? दप्तरं बाहेर लटकवलेली, काकांच्या दोन्ही बाजूंना दोघं, मागे आठ जण. पुढे एकच चाक असल्यामुळे वळताना सरकणारा सगळा भार मागच्या दोन चाकांनाच झेलावा लागायचा. म्हणून चौकात ऑटो जोरात वळली की आतलं मागचं चाक उचललं जायचं, आणि आपण सगळे ओरडत आतल्या बाजूला झुकायचो. ते झुकणं म्हणजे भौतिकशास्त्रच होतं, फक्त विज्ञानाच्या बाईंनी तेव्हा तसं सांगितलं नव्हतं. हॅचबॅकला मागे फार कडक बार लावला तर तिचीही थोडी ऑटो होते. पुढची चाकं निश्चिंत, भार मागच्यांवर, आणि जोरात वळताना आतलं मागचं चाक हवेत.

मग लोक हा बार लावतात तरी का? त्यालाही कारण आहे. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या छोट्या गाड्यांमध्ये जवळपास ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं. वळणात वेग जास्त झाला की पुढची चाकं आधी दम सोडतात. आपण स्टिअरिंग आणखी वळवतो, पण गाडी वळत नाही, सरळ बाहेर निघते. मागचा बार जरा कडक केला की पुढच्या जोडीवरचं ओझं हलकं होतं आणि गाडी वळणात आज्ञाधारकपणे शिरते. चालवणाऱ्याला हा फरक पहिल्याच चौकात जाणवतो, आणि त्याला वाटतं की पकड वाढली. खरं तर पुढे जमा झालं ते मागच्या खात्यातून आलेलं असतं.

आणि कंपनीने गाडी मुळात पुढून सुटणारी बनवलेली असते, ती मुद्दाम. घाबरलेला माणूस काय करतो? ॲक्सिलरेटर सोडतो आणि स्टिअरिंग अजून वळवतो. पुढून सुटलेल्या गाडीत हे दोन्ही बऱ्यापैकी चालून जातं. वेग उतरतो आणि चाकं पुन्हा धरतात. मागून सुटणाऱ्या गाडीत ॲक्सिलरेटर सोडला की भार पुढे धावतो, आधीच हलकं झालेलं मागचं अंग आणखी हलकं होतं आणि गाडी फिरते. रेसच्या ट्रॅकवर हे कौशल्य असतं. ओल्या घाटात तो अपघात असतो.

या एका दांडीच्या असण्या-नसण्यावरून इतिहासात मोठं रण माजलेलं आहे. अमेरिकेत १९६० सालच्या मॉडेलपासून शेव्हरोलेची कॉर्वेअर ही गाडी आली. इंजिन मागे, वजन मागे, त्यामुळे वळणात मागून सुटण्याकडे कल. पुढे अँटी-रोल बार लावला असता तर भाराचा वाटा पुढे सरकला असता आणि मागची चाकं सावरली असती. पण सुरुवातीच्या मॉडेलांत तो दिला नव्हता. त्याऐवजी कंपनीने टायरांच्या हवेवर भिस्त ठेवली: पुढे १५ पौंड, मागे २६ पौंड. आता सांगा, पेट्रोल पंपावर हवा भरणारा मुलगा पुढे १५ आणि मागे २६ भरेल? तो सगळीकडे सारखीच भरणार. राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये लिहिलेल्या 'अनसेफ ॲट एनी स्पीड' या पुस्तकाचं पहिलं प्रकरण याच गाडीवर आहे. त्याआधी १९६४ च्या मॉडेलात पुढचा बार सरसकट दिला गेला होता. पुढे १९७२ मध्ये अमेरिकी सरकारी यंत्रणेच्या तपासणीत असाही निष्कर्ष निघाला की ती गाडी तिच्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हती. वाद काही असो, मला त्यातून दिसतं ते हे की कुठल्या टोकाला कडकपणा द्यायचा हा कंपनीसाठीसुद्धा जीवन-मरणाचा निर्णय असतो. कॉर्वेअरला जो बार पुढे हवा होता, तो मागे लावला असता तर गाडी अजून बिघडली असती. दांडी चांगली की वाईट हा प्रश्नच नाही. ती कोणत्या गाडीत आणि कोणत्या टोकाला, हा प्रश्न आहे.

दुसरं उदाहरण १९९७ चं. मर्सिडीजची छोटी ए-क्लास गाडी स्वीडनमधल्या एका मासिकाने तपासली. रस्त्यात अचानक जनावर आलं तर गाडी झटकन बाजूला घेऊन पुन्हा आपल्या लेनमध्ये आणायची, अशी ती चाचणी. गाडी उलटली. कंपनीने गाड्या परत बोलावल्या, सस्पेन्शन बदललं आणि ईएसपी सगळ्या गाड्यांत दिलं. ईएसपी किंवा ईएससी म्हणजे गाडी फिरायला लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅपमध्ये तीन किंवा अधिक तारे मिळवायला ईएससी लागतंच. भाच्याच्या जुन्या गाडीत ते नव्हतं. म्हणजे शेपूट सुटलं तर सावरणारं दुसरं कोणी नाही.

आता आम्ही काय केलं ते सांगते.

पहिल्या दिवशी बारचं नावच काढलं नाही. गाडी लिफ्टवर चढवली. पुढच्या बारच्या लिंक रॉडचे बॉल खुळखुळत होते, बुश तडकलेले होते, एक शॉकअप तेल गाळत होता. आपल्याकडे उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या पुढे पारा जातो, रबर किती टिकणार? मागचे टायर नक्षीने चांगले दिसत होते, पण बाजूचा चार आकडी क्रमांक वाचला तर पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि शेवटचे दोन सालाचे, त्या हिशेबाने टायर आठ वर्षांचे निघाले. रबर दगडासारखं झालं होतं. लिंक, बुश, शॉकअप, टायर बदलले, अलाइनमेंट केली, हवा दाराच्या चौकटीवरच्या तक्त्याप्रमाणे भरली. भाचा चक्कर मारून आला आणि म्हणाला, "मावशी, ही तर वेगळीच गाडी झाली." गाडी तीच होती, फक्त कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशी झाली होती.

पण त्याला बारही बघायचा होता, आणि मलाही. ओळखीच्या मिस्त्रीने दोन बार, एक पातळ आणि एक जाड, एकेक दिवस लावून द्यायचं कबूल केलं. कामठी रोडवर एका नातेवाइकांच्या गोदामाचं मोठं आवार आहे. रविवारी तिथे कोणी नसतं. पाण्याच्या बाटल्या मांडून आम्ही ३० मीटर व्यासाचं वर्तुळ आखलं. भाचा चालवायचा, मी स्टॉपवॉच धरायचे, आणि डॅशबोर्डवर पक्का बसवलेला मोबाईल गाडीचा कल नोंदवायचा. ते छोटं ॲप मीच लिहिलं होतं. शेवटी सॉफ्टवेअर आलंच.

कोरड्या जमिनीवर जाड बारने गाडी स्पष्टपणे कमी कलली. स्टिअरिंगला उत्तरही लवकर देऊ लागली. भाचा खूश. मग मी त्याला वेळा दाखवल्या. वर्तुळ पूर्ण करायला लागलेला वेळ बारशिवाय आणि बारसकट जवळजवळ सारखाच होता. फरक होता तो बोटाने दाबलेल्या घड्याळाच्या चुकीत मावेल इतका. गाडी वेगवान झाल्यासारखी वाटत होती, झाली नव्हती.

मग टँकरचं पाणी टाकून जमीन ओली केली आणि वेग बराच कमी ठेवला. वर्तुळात असताना मी म्हणाले, "आता ॲक्सिलरेटर एकदम सोड." पातळ बार असताना गाडी नाक आत घेऊन शांतपणे मंदावली. जाड बार लावल्यावर तेच केलं, तर मागचं अंग बाहेर आलं, गाडी अर्धी फिरली आणि दोन बाटल्या उडाल्या. आवार मोकळं होतं, वेग कमी होता, काही झालं नाही. भाच्याने इंजिन बंद केलं आणि बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "घाटात बाटल्यांच्या जागी दरी असती." जाड बार त्याने स्वतःच त्याच संध्याकाळी काढून द्यायला सांगितला. मला भाषण द्यावं लागलं नाही. ते मी आज तुम्हाला देते आहे.

पातळ बार ठेवला. त्याची किंमतही सांगते: रस्त्यात फक्त एका बाजूला खड्डा आला की आता धक्का दुसऱ्या बाजूलाही पोचतो आणि मागे बसलेल्यांच्या माना डोलतात. माझी बहीण म्हणते, "मला पुढेच बसू दे."

कायद्याचंही सांगून टाकते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. आम्ही बार ठेवण्याआधी आरटीओत चौकशी केली आणि विमा कंपनीला लेखी कळवलं. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं. अपघातानंतर दावा नाकारला गेला की कंटाळवाणं वाटत नाही.

तुमच्या घरी हा विषय निघाला तर काही गोष्टी लक्षात ठेवा. क्रम असा: टायर, हवा, बुश आणि लिंक, शॉकअप, अलाइनमेंट, आणि सगळ्यात शेवटी बार. बार घ्यायचाच तर एक पायरी जाड घ्या, दोन नाही. कोणी मिस्त्री दांडी गॅसवर तापवून वाकवून देतो म्हणाला तर तिथून उठा. तापवलेल्या स्प्रिंग-स्टीलचा कस जातो आणि ती एक दिवस तुटते. मागच्या बीमला भोकं पाडू देऊ नका. दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे लावा, पुढे नाही, कारण शेपूट सुटणं जास्त धोक्याचं. आणि मगाचं गणित आठवा: त्याच वळणावर ४४ ऐवजी ३६ चा वेग ठेवला, तर १९० किलोंचे सुमारे १३० होतात. बाजारातला कुठलाही बार हे करू शकत नाही. उजवा पाय करतो, फुकटात.

भाचा चिखलदऱ्याला गेला, पावसाळा संपल्यावर. परतवाड्याहून घाट चढताना त्याने मला फोन केला नाही. वर पोचल्यावर, गाडी उभी करून केला. माझ्या बहिणीला त्यातलं हेच जास्त आवडलं.

सर, बाई, तुम्ही आम्हाला सूत्रं पाठ करून घेतलीत आणि सूत्राखाली "कारण लिहा" असा प्रश्नही दिलात. आमच्या मुलांना सूत्रं मोबाईलवर मिळतात. कारण विचारायला आपण त्यांच्यासोबत गाडीखाली वाकायला हवं. आज जेवण झाल्यावर पार्किंगमध्ये जाल, तेव्हा एवढं करा: मोबाईलची बॅटरी लावा, आपल्या मागच्या टायरवरचे ते चार आकडे वाचा, आणि उद्या घरी मुलाला किंवा मुलीला त्यांच्या गाडीचे वाचायला सांगा.